कांगोचा जलमार्ग निर्धोक कसा व्हावा?

आफ्रिका खंडाच्या मध्यभागी, विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांस पसरलेल्या घनदाट अरण्यातून कांगो नदी वाहते. लांबीने ती सुमारे ४,७०० किलोमीटर असून, जलराशीच्या दृष्टीने ॲमेझॉनच्या खालोखाल जगात तिचाच क्रम लागतो. कांगो लोकशाही प्रजासत्ताक ह्या विस्तीर्ण देशाचा बहुतेक प्रदेश तिच्या आणि तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यात येतो. राजधानी किन्शासापासून वरच्या अंगाचे किसांगानी हे मोठे शहर नदीमार्गाने सुमारे १,७०० किलोमीटर दूर आहे. ह्या दोन नगरांना जोडणारा लोहमार्ग नाही, आणि ज्यावरून बाराही महिने मालमोटारी धावू शकतील असा सलग रस्ताही नाही. जी काय वाट आहे ती पाण्याची.

ह्या वाटेवरून जाणारा काफिला पाहण्यासारखा असतो. एका यंत्रबोटीच्या पुढे लोखंडी, सपाट तळाचे चारसहा पडाव दोरखंडांनी जखडलेले असतात, आणि बोट त्यांना मागून ढकलीत नेते. पडावांवर माल असतो, मालावर माणसे असतात, आणि माणसांच्या मध्ये चुली, कोंबड्या, बकऱ्या व अंथरुणे असतात. काठावरच्या गावांतून एकेका खोडाच्या कोरलेल्या होड्या वल्हवीत लोक मध्य प्रवाहात येतात, चालत्या काफिल्यास होडी बांधतात, धुरावलेले मासे, कसाव्याचे कंद व ताडतेल विकतात आणि मीठ, साबण, कापड व औषधे घेऊन परततात. कित्येक गावांचा बाहेरच्या जगाशी येणारा संबंध एवढाच. काफिला आला तर बाजार भरला. न आला तर गावात मीठ नाही.

अशा नदीवर माणसे निर्धास्तपणे प्रवास करू शकत नाहीत, ही आजची मोठी आपत्ती आहे. एप्रिल २०२५ मध्ये म्बंडाका शहराजवळ एका लाकडी मोटारबोटीस आग लागली. बोटीवर स्वयंपाक चालला असता ती भडकली आणि शंभराहून अधिक माणसे जळून किंवा बुडून मेली. त्याच वर्षी सप्टेंबरात, त्याच प्रांतात, लागोपाठच्या दोन दिवसांत दोन बोटींचा घात झाला आणि दोन्ही मिळून बळींची संख्या दोनशेच्या जवळ गेली. असे अपघात तेथे वरचेवर होतात. बोटीवर नेमकी किती माणसे होती हे पुष्कळदा कोणासच सांगता येत नाही, कारण उतारूंची यादीच नसते. मृतांचा आकडा अंदाजाने द्यावा लागतो, आणि कित्येक कुटुंबांना आपले माणूस त्या बोटीवर होते की नव्हते हेही निश्चित कळत नाही.

एवढी प्रचंड नदी बोटींना धोक्याची का व्हावी, असा प्रश्न साहजिकच पडेल. पाणी विपुल असले म्हणजे वाट सोपी, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. किन्शासाजवळ ह्या नदीतून दर सेकंदास सरासरी सुमारे ४०,००० घनमीटर पाणी वाहते. परंतु मधल्या टप्प्यात ते पाणी अतिशय पसरलेले असते. काही ठिकाणी पात्राची रुंदी दहा किलोमीटरांच्या वर जाते, आणि त्यात असंख्य बेटे विखुरलेली असतात. किसांगानीपासून किन्शासापर्यंत नदी उतरते ती जेमतेम शंभर-सव्वाशे मीटर. म्हणजे किलोमीटरमागे चार बोटेच उतार. तळ वाळूचा, उतार अल्प आणि पाणी पसरट, अशा स्थितीत नदी एका खोल धारेने वाहत नाही. ती अनेक फाटे फोडते. त्यांपैकी एखादाच फाटा बोट जाण्याइतका खोल असतो, आणि तोही आज या काठास तर थोडे पुढे त्या काठास लागलेला असतो.

खोल धार एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे वळते तेथे वाळूचा उंबरठा असतो, आणि तेथेच पाणी सर्वांत उथळ होते. बोट रुतावयाची ती बहुधा अशाच ठिकाणी. पूर येतो तेव्हा ही वाळू हलते, आणि पूर ओसरल्यावर ती निराळ्याच ठिकाणी बसते. गेल्या वर्षीची वाट यंदा तशीच असेल, असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. यात भर पडते ती वाहून आलेल्या झाडांची. काठ ढासळला म्हणजे मोठमोठे वृक्ष नदीत कोसळतात; त्यांची मुळे तळात रुततात आणि खोड पृष्ठाखाली हातभर दडून राहते. लाकडी बोटीचा तळ फोडावयास असे एक खोड पुरेसे असते.

ही नदी वाचण्याची विद्या नवी नाही. समुद्रातून आलेली बोट नदीत फार वर जाऊ शकत नाही. माताडी बंदर आणि किन्शासा यांच्या दरम्यान सुमारे साडेतीनशे किलोमीटर धबधब्यांची व खळाळांची रांग आहे. म्हणून स्टॅन्लीच्या काळात आगबोटी सुट्या करून, त्यांचे भाग मजुरांच्या डोक्यांवरून व खांद्यांवरून डोंगर चढवून वर नेले गेले, आणि सन १८८१ मध्ये वरच्या पात्रात पहिली आगबोट तरंगली. पुढे सन १८९८ मध्ये धबधब्यांना वळसा घालणारा लोहमार्ग पुरा झाला. तो बांधताना जे मजूर मेले त्यांची अधिकृत संख्याच दीड हजाराच्या वर आहे. तो लोहमार्ग पुरा होण्याच्या आठ वर्षे आधी, सन १८९० मध्ये, जोसेफ कॉनरॅड हा पुढे इंग्रजी कादंबरीकार म्हणून विख्यात झालेला नाविक या नदीवरून एका लहान आगबोटीने किसांगानीपर्यंत गेला. जाताना त्याने एक वही भरली. तीत वर्णने किंवा कल्पनाविलास नाही. कोठे वाळू आहे, कोठे खडक आहे, कोणते बेट डावीकडे ठेवावे, कोणत्या झाडीच्या रोखाने बोट वळवावी, एवढ्याच नोंदी व काही आकृत्या आहेत. नव्या नदीवर आलेल्या कुशल दर्यावर्द्यासही पहिली गरज भासली ती ह्या ज्ञानाची.

बेल्जियमच्या राजवटीत हेच ज्ञान एकेका नाविकाच्या वहीतून निघून सार्वजनिक झाले. हस्तिदंत, रबर, ताडतेल आणि पुढे कटांगातील तांबे बाहेर नेण्यासाठी त्या राजवटीस बोटी वेळेवर चालावयास हव्या होत्या. काठावरच्या प्रजेचे सुख हा तिचा मुख्य हेतू नव्हता. तथापि जी व्यवस्था उभी राहिली ती आपल्या परीने चोख होती, आणि तिची रचना समजून घेतल्यावाचून आजचे काम कळणार नाही. तांडेलास क्षणोक्षणी दोन प्रश्नांची उत्तरे हवी असतात: वाट कोणती, आणि आज पाणी किती?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर खुणा देतात. काठावरच्या झाडांवर किंवा खांबांवर रंगीत फळ्या लावलेल्या असतात. एक फळी सांगते, ‘ह्याच काठाने चला’. दुसरी सांगते, ‘येथून समोरच्या काठावरील खुणेच्या रोखाने पात्र ओलांडा’. जेथे काठ फार दूर असतो तेथे नांगरलेली तरंगती पिंपे धारेच्या दोन्ही कडा दाखवितात. हे सर्व नकाशाच्या पुस्तकांत उतरविलेले असते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पाणी मोजण्याची पट्टी देते. नदीकाठी ठिकठिकाणी आकडे घातलेली उभी पट्टी रोवलेली असते, आणि दररोज ठरलेल्या वेळी पाण्याची उंची तीवर वाचून नोंदविली जाते. किन्शासा येथील अशा नोंदी सन १९०३ पासूनच्या आहेत. समजा, पट्टीवर पाणी शून्यावर असताना एका उंबरठ्यावर सव्वा मीटर खोली असते असे नकाशा सांगतो, आणि आज पट्टी पाऊण मीटर दाखविते. तर आज त्या उंबरठ्यावर दोन मीटर पाणी आहे. ज्या बोटीचा दीड मीटर भाग पाण्याखाली असतो ती निघू शकेल. दोन मीटरांची बोट निघता कामा नये, किंवा तिने माल कमी करावा. ही बेरीज शाळकरी मुलालाही येण्यासारखी आहे. पण नकाशा जुना झालेला असेल किंवा पट्टी वाहून गेलेली असेल, तर मोठ्यातल्या मोठ्या तांडेलासही ती करता येत नाही.

सन १९६० मध्ये देश स्वतंत्र झाला. पाठोपाठ बंडाळ्या झाल्या. पुढे दीर्घकाळ अनागोंदी कारभार चालला आणि सरकारी तिजोरी रिती झाली. शेकडो पट्ट्यांच्या जागी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच चालू राहिल्या. सन १९९८ मध्ये सुरू झालेल्या युद्धात तर नदीचेच दोन तुकडे पडले. खालचा भाग सरकारच्या ताब्यात आणि वरचा बंडखोरांच्या, असे झाल्याने किसांगानीचा जलमार्ग बंद पडला. सन २००३ मध्ये युद्धाची औपचारिक समाप्ती होऊन वाहतूक हळूहळू पुन्हा सुरू झाली, तेव्हा नदी मोकळी होती, पण तिच्यावरील खुणा उरल्या नव्हत्या. फळ्या गंजल्या होत्या किंवा सरपणासाठी गेल्या होत्या. पिंपे वाहून गेली होती. नकाशातील वाळू केव्हाच दुसरीकडे गेली होती.

मोठ्या सरकारी बोटीही बहुतेक निकामी झाल्या होत्या. माणसांना प्रवास तर करावयाचाच होता. म्हणून गावोगावच्या सुतारांनी फळ्या जोडून लांबट बोटी बांधल्या, त्यांस मोटारींची किंवा अन्य जुनी यंत्रे बसविली, आणि आज प्रवासी वाहतुकीचा मोठा भार ह्याच बोटींवर आहे. त्यांच्या पुढच्या टोकास दोघेजण रंगाचे पट्टे मारलेल्या लांब काठ्या पाण्यात रोवून खोली अजमावीत असतात आणि हातवारे करून किंवा ओरडून तांडेलास सांगत असतात. कॉनरॅडच्या काळीही हेच साधन होते. काठी खरे सांगते, पण ती दोन पावले पुढचेच सांगते; आणि रात्री, पावसात किंवा भरधाव उतरताना दोन पावले पुरत नाहीत.

यावर उपाय म्हणून यंत्रे लावून सगळी नदी खोल का करू नये, असे कित्येकांस वाटेल. परंतु वाळूच्या नदीत हा उपाय टिकत नाही. एका ठिकाणची वाळू उपसली तर पुढच्या पुरात तेथे दुसरी येऊन बसते, आणि १,७०० किलोमीटर लांबीचे पात्र दरवर्षी उपसण्याइतके धन कोणत्याही राज्याजवळ नाही. गाळ काढणारी यंत्रे निवडक अवघड उंबरठ्यांपुरती आणि बंदरांच्या धक्क्यांपुरती उपयोगी पडतात; बुडालेली खोडे व जुनी भग्न जहाजे मात्र काढून टाकलीच पाहिजेत. बाकी सर्वत्र नदी जशी आहे तशी ठेवून तिची आजची वाट शोधणे आणि ती सर्वांस दाखविणे, हाच व्यवहार्य मार्ग होय. सुदैवाने कांगोचा स्वभाव यास अनुकूल आहे. तिच्या उपनद्या विषुववृत्ताच्या उत्तरेस व दक्षिणेस असल्यामुळे एकीकडे पाऊस सरतो तेव्हा दुसरीकडे सुरू झालेला असतो. परिणामी नदी कधी कोरडी पडत नाही. किन्शासाजवळ वर्षअखेरीस मोठा पूर, एप्रिल-मेच्या सुमारास लहान पूर, आणि जुलै-ऑगस्टमध्ये सर्वांत कमी पाणी, हा क्रम बहुधा ठरलेला असतो.

नदीमार्गांची देखभाल करणारे सरकारी खाते आता युरोपीय संघाच्या आर्थिक साहाय्याने ह्याच कामास लागले आहे. मोजणीची बोट पात्रात आडवीतिडवी फिरते. तिच्या तळाशी बसविलेले यंत्र ध्वनीच्या लहरी खाली सोडते आणि त्या तळावर आपटून परत येण्यास किती अवधी लागला यावरून खोली ठरविते. त्याच क्षणी उपग्रहांवरून बोटीचे स्थान कळते. पूर्वी महिनेच्या महिने लागत ते मोजमाप आता पुष्कळ लवकर होते. नव्या मोजणीवरून नवे नकाशे निघतात आणि नवी पिंपे व फळ्या बसविल्या जातात. जेथे पट्टी वाचावयास माणूस नाही तेथील पाण्याची उंचीही आता आकाशातून मोजता येते. सन २०२२ च्या अखेरीस सोडलेला स्वॉट नावाचा उपग्रह पृथ्वीवरील नद्यांची व सरोवरांची पातळी मोजण्याच्या हेतूनेही पाठविलेला आहे. तथापि उपग्रह रोज त्याच ठिकाणावरून जात नाही. काठावरची साधी पट्टी आणि ती वाचणारा पगारी माणूस, यांची गरज त्याने संपलेली नाही.

नदीला देशांच्या सीमा ठाऊक नसतात, हीही एक अडचण आहे. किन्शासाच्या समोर, पलीकडच्या काठावर ब्राझाव्हिल ही दुसऱ्याच एका देशाची राजधानी आहे. आणि उबांगी ह्या उपनदीवरून मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाची वाहतूक चालते. एका काठावरची खूण एका देशाने लावली आणि समोरची दुसऱ्याने लावलीच नाही, तर पात्र ओलांडणाऱ्या बोटीस ती अर्धी वाट काय उपयोगाची? म्हणून सन १९९९ मध्ये चार देशांनी मिळून ह्या खोऱ्यासाठी एक संयुक्त आयोग नेमला. त्याचे कार्यालय किन्शासा येथे असून, पुढे गॅबन व अंगोला हे देशही त्यात आले. नियम एकसारखे करणे, पाण्याच्या नोंदी एकमेकांस देणे आणि नाविकांस शिक्षण देणे, ही त्याची कामे आहेत.

एवढे करूनही वाट दाखविल्याने अर्धेच काम होते. वाटेवर चालणारी बोटही धड असली पाहिजे. बोट पाण्यावर सरळ उभी राहते ती तिचे वजन खाली असते म्हणून. पोती तळात भरली, त्यांवर आणखी पोती रचली, आणि त्यांच्यावर माणसे बसविली, म्हणजे भार वर सरकतो आणि कड पाण्याच्या जवळ येते. मग एखाद्या बाजूस काही पाहावयास लोक एकदम सरकले, किंवा वाऱ्याची लाट आली, तरी कडेवरून पाणी आत शिरते. आत शिरलेले पाणी झुकलेल्या बाजूकडेच धावते आणि झुकाव अधिक वाढवते. पाहता पाहता बोट उलटते. अंगावर घालावयाची तरंगती बंडी बहुतेकांजवळ नसते, आणि काठ कित्येकदा किलोमीटरभर दूर असतो.

रात्री बोटी चालवू नयेत, असा सरकारी नियम आहे, आणि तो वारंवार मोडला जातो. याचे कारण निव्वळ बेपर्वाई नाही. एक रात्र थांबणे म्हणजे मालकास अधिक मजुरी, विकावयास नेलेले मासे खराब होणे, आणि उतारूंना आणखी एका दिवसाचा शिधा. ज्याने कर्ज काढून माल भरला आहे त्यास अंधारापेक्षा उशिराचे भय अधिक वाटते. तेव्हा नियम पाळला जावा असे वाटत असेल, तर रात्री नांगरण्याजोग्या सुरक्षित जागा, सुटण्यापूर्वी भार पाहणारा व माणसे मोजणारा प्रामाणिक अधिकारी, आणि त्या अधिकाऱ्यास महिन्याच्या महिन्यास मिळणारा पगार, ही तीन साधने आधी हवीत. पगार थकला म्हणजे तपासणी ही वसुली होते, आणि भरलेली बोट चार नाणी देऊन सुटते.

खुणांचेही तसेच आहे. काठावर रोवलेली लोखंडी फळी हे गरीब गावकऱ्याच्या दृष्टीने चांगले लोखंड असते, आणि खांब हे चांगले लाकूड. पिंपाच्या साखळीचाही उपयोग घरी होतो. चौकीदार नेमून १,७०० किलोमीटर काठ राखता येणार नाही. ती फळी टिकली तर काफिला येतो, काफिला आला तर मीठ येते आणि मासे विकले जातात, हे नाते गावास प्रत्यक्ष दिसले पाहिजे; आणि जो गावकरी खुणेभोवतीचे गवत व वेली तोडून ती दृष्टीस पडेल अशी ठेवील, त्यास त्या श्रमाचे दोन पैसे मिळाले पाहिजेत.

ह्या सर्व विवेचनात एक गोष्ट पुनःपुन्हा पुढे येते. पूल एकदा बांधला म्हणजे वर्षानुवर्षे उभा राहतो. घाटरस्ता एकदा फोडला म्हणजे डागडुजीवर चालतो. वाळूच्या नदीतील वाट तशी नसते. ती दर पुराबरोबर मोडते आणि दर पुरानंतर पुन्हा शोधावी लागते. परदेशी साहाय्याने मोजणीच्या बोटी येतात, नकाशे छापले जातात, पिंपे तरंगू लागतात, समारंभ होतो. परंतु साहाय्याची मुदत चारपाच वर्षांची असते आणि नदीची मुदत संपत नाही. म्हणून खरी कसोटी पहिल्या वर्षी लागत नाही. परदेशी तज्ज्ञ परत गेल्यावर, सहाव्या किंवा सातव्या वर्षी, पूर ओसरताच मोजणीची बोट धक्क्यावरून निघते की नाही, तिला तेल मिळते की नाही, आणि पट्टी वाचणाऱ्याचा पगार पोहोचतो की नाही, यावर ती ठरावयाची आहे. जलवाहतुकीवर बसविलेले शुल्क ह्याच कामी खर्ची पडले, तर हे असाध्य नाही. रक्कम मोठी नाही, पण ती दरसाल लागणारी आहे.

किन्शासाच्या धक्क्यावरून आजही बोटी सुटतात. आई मुलास पाठीशी बांधून, वर्षाची कमाई गाठोड्यात घेऊन, पोत्यांच्या राशीवर जागा शोधीत असते. वाट कोणती आणि पाणी किती, हे दोन प्रश्न तिच्या मनात नसतात. ते तांडेलाने विचारावयाचे असतात. त्यांची उत्तरे त्यास काठावरच्या फळीवर आणि पाण्यातल्या पट्टीवर मिळावीत, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप आहे.